पुसेगावची एसटी खडकीत थांबते

पुसेगावहून भल्या पहाटे निघालेली एसटी जालना मागे टाकते. आता चिकलठाण्याचे कारखाने दिसायला हवेत, पण खिडकीबाहेर नुसता माळ. ड्रायव्हर गायब, कंडक्टर गायब. तुम्ही पिशवी सावरत उतरता, ते थेट 1612 सालच्या खडकीत.

गाव कोरं करकरीत आहे. मलिक अंबरानं दोनच वर्षांपूर्वी ते वसवायला घेतलं. हबशांच्या मुलखात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस आता निजामशाहीचा कारभार हाकतो. भडकल दरवाजाच्या परांचीवर गवंडी चढलेत. मोगलांना हरवल्याची ही खूण. मालपुरा, खेलपुरा, विठापुरा अशा मराठे सरदारांच्या नावाच्या वस्त्याही इथं उठतायत. फार रमू नका. चारच वर्षांत मोगल येऊन हे सगळं जाळणार आहेत. अंबर ते पुन्हा उभं करील.

त्याची खरी करामत मात्र जमिनीखाली आहे. उत्तरेच्या डोंगरपायथ्याला झिरपणारं पाणी त्यानं भुयारी नहरीत गोळा केलं आणि पुढं खापरी नळांनी वस्तीतल्या हौदांत सोडलं. मोट नाही, रहाट नाही. सगळा खेळ उताराचा. शिवारात विहिरीला किती परसावर पाणी लागेल यावर वाद घालत आलेल्या तुम्हाला या हौदापासून हलवत नाही.

तरी हला. 1660 च्या सुमाराचं शहर बघायचंय. अंबराच्या पोरानं खडकीचं फतेहनगर केलं होतं, शहजादा औरंगजेबानं त्याचं औरंगाबाद केलं. ताव्हेर्निए नावाच्या फ्रेंच जव्हेऱ्यानं याच मुलखातल्या वाटेवर संगमरवराच्या तीनशेच्या वर गाड्या पाहिल्याचं लिहून ठेवलंय. त्यातल्या लहानात लहान गाडीलाही बारा बैल. सहा बैलजोड्या एका धोंड्यापायी! आता बीबी का मकबऱ्याची, औरंगजेबाच्या बेगमेच्या कबरीची, भिंत हातानं चाचपा. खाली थंडगार संगमरवर, वर काळ्या दगडावर घोटून पांढराशुभ्र केलेला चुन्याचा गिलावा, घुमट मात्र पुन्हा संगमरवरी. खर्च 6,68,203 रुपये 7 आणे असा नोंदलेला आहे. ताजमहालाची गरीब नक्कल म्हणून लोक नाकं मुरडतात. मला तर तो गिलावा फार आवडतो. बेताच्या पैशात गवंड्यानं हातचं काही राखलेलं नाही.

शहराभोवती आता छावण्यांचे पुरे झालेत: जयसिंगपुरा, करणपुरा, पदमपुरा. मोगलांच्या चाकरीतल्या राजपूत सरदारांची ही नावं आजही रिक्षावाल्याला सांगितली की तो बरोबर नेऊन सोडतो. बादशहा झालेला औरंगजेब पुढं दख्खनेत परतला आणि 1682 मध्ये त्यानं शहराला तट घातला.

खाम नदीकाठी पाणचक्कीत थोडं टेका. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून येतं, उंच भिंतीवर चढतं, हौदात कोसळतं आणि त्याच्या जोरावर जातं फिरतं. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातल्या फकिरांसाठी इथं दळण निघायचं. हौदाच्या पोटात एक दालन आहे. त्याचं छत म्हणजेच हौदाचा तळ. वैशाखातही आत शिरलात की अंग निवतं.

मोगलांनंतर शहर निजामाच्या हाती गेलं (अंबराची निजामशाही वेगळी). 1763 च्या सुमाराला या निजामानं राजधानी हैदराबादला हलवली, शहराची रया गेली. पुढची पावणेदोनशेहून जास्त वर्षं मी तुम्हाला झरझर ओलांडू देतो.

1950. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं महाविद्यालय सुरू झालंय, लेण्यांच्या डोंगराखाली नागसेनवन आकार घेणार आहे. विद्यापीठ मात्र मराठवाड्याच्या पोराला अजून थेट हैदराबादचं उस्मानिया. 1958 साली मराठवाड्याला स्वतःचं विद्यापीठ मिळालं. 1994 साली त्याला बाबासाहेबांचं नाव लागलं, ते मोठ्या लढ्यानंतर आणि कित्येकांच्या घरादाराची राख झाल्यावर.

एसटी पुन्हा सुरू होते. पाटीवर आता छत्रपती संभाजीनगर. सिडकोतल्या आत्याच्या दारात पोचता. पाणी येतं पैठणच्या जायकवाडीतून, पंपांनी चढवून, तेही काही दिवसांआड. चहाबिहा राहू द्या, आत्या जिन्यातूनच ओरडते, "आलास का? बरं झालं. आज नळाचा दिवस हाय, तो ड्रम सरकव आधी!"