तुमची काउंटी कुठली?

डोळे उघडा. कॅलिफोर्नियातलं लाँग बीच, 1 जानेवारी 1957 ची सकाळ. खिडकी उघडलीत की आधी समुद्राचा खारा वारा येतो, पाठोपाठ सिग्नल हिलच्या विहिरींमधल्या तेलाचा वास. खाली हॉर्न वाजतोय. स्वेटर राहू द्या, थंडी तिकडे आयोवात. आणि आज निम्मं आयोवा तर इकडेच आलंय!

गाडी पासाडेनाला निघालीय, आयोवाच्या कॉलेजचा अमेरिकन फुटबॉलचा सामना बघायला. मागच्या सीटवर तुम्ही एका आजोबांना खेटून बसता. हॅटला आयोवाच्या संघाची काळी-सोनेरी फीत, मांडीवर सँडविचचा डबा. गुडघ्यांना बर्फ सोसेना म्हणून शेत विकून ते इथे येऊन राहिलेत. अशी माणसं इथे इतकी, की या गावाला 'समुद्रकाठचं आयोवा' म्हणतात. बिक्सबी पार्कात त्यांची पिकनिक भरते, तेव्हा राज्यातल्या 99 काउंट्यांच्या, म्हणजे जिल्ह्यांच्या, नावांच्या पाट्या लागतात आणि हजारो माणसं आपापल्या पाटीपाशी गाववाले शोधत फिरतात.

"तुम्ही आयोवाच्या कॉलेजात होतात का?" तुम्ही विचारता.

"छे हो! आठवीनंतर नांगरच धरला. पण पोरं आपली ना!"

पासाडेनात उतरलात की पायाखाली गुलाबांच्या पाकळ्या. सकाळच्या मिरवणुकीत गळलेल्या, आता चुरगळून ओलसर झालेल्या. पुढे रोझ बोल, सामन्याचं स्टेडियम. जवळजवळ लाखभर माणसं लाकडी फळ्यांवर मांडीला मांडी लावून बसलीत. सिगारचा धूर, मोहरीचा झणका, शेंगांच्या टरफलांचा चुरा. पलीकडे समोरच्या संघाचा, ओरेगन स्टेटवाल्यांचा नारिंगी रंग. बँड आयोवाचं गाणं धरतो आणि आजोबा हॅट काढून उभे राहतात. हे गाणं रचणारे मेरेडिथ विल्सनही आयोवातल्या मेसन सिटीचे, आणि तेही राहतात इकडेच, लॉस एंजेलिसला. गावाची आठवण अशी चालीत बांधायला गावापासून लांब राहिलेलंच माणूस हवं, असं मला वाटतं.

आयोवाचा संघ इथे पहिल्यांदाच आलाय, तरी आजोबांचा चेहरा उतरलेला. संघाचा जुना कप्तान कॅल्विन जोन्स तीनच आठवड्यांपूर्वी विमान अपघातात गेला. पोरं आज त्याच्यासाठी खेळतायत. जोन्स ओहायोचा, आयोवाचा नव्हेच. आजोबा मात्र घरातलं पोर गेल्यासारखे बोलतात.

खेळ सुरू होतो. क्वार्टरबॅक केनी प्लोएन चेंडू पोटाशी धरून सुटतो. दहा यार्ड, वीस, तीस... फळ्या थरथरतात, कुणाची तरी कॉफी तुमच्या गुडघ्यावर सांडते. 49 यार्ड! टचडाउन! "क्लिंटनचा पोरगा! आमच्या क्लिंटनचा!" आजोबांचा आवाज चिरकतो. थोड्या वेळानं हाच प्लोएन गुडघा धरून बाहेर जातो, तेव्हा त्यांची नखं तुमच्या मनगटात रुततात. तो परत मैदानात उतरेपर्यंत ती काही सुटत नाहीत. मग कॉलिन्स हॅगलर 66 यार्ड पळतो. त्यानंतर आपल्या बाजूचं कुणी खाली बसतच नाही.

आयोवा 35, ओरेगन स्टेट 19.

सामन्याचा चेंडू पोरं जोन्सच्या आईकडे पाठवणार आहेत. तोवर ऊन डोंगरावर सरकलेलं, गाड्यांची रांग हलत नाही. एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत आरोळ्या जातात, "कुठली काउंटी?" "पोल्क!" "लिन!" "डुब्यूक!" आजोबा प्रत्येकाला हात हलवतात. घसा बसलाय, शब्द फुटत नाही.

मग ते तुमच्याकडे वळतात आणि घोगऱ्या आवाजात विचारतात, "तुमची कुठली?"

तुम्ही गप्प. तुमची तर एकही नाही.

ते हॅटची फीत सोडतात, तुमच्या खिशाला बांधतात. गाठ दोनदा ओढून बघतात. शेजारच्या गाडीतून पुन्हा हाक येते, तेव्हा आजोबा तुमच्या खांद्यावर हात ठेवून ओरडतात, "क्लिंटन! दोघंही!"