मधला गडी

कबड्डीच्या सामन्याची हकिगत सांगताना आपल्या तोंडी दोनच गड्यांची नावे येतात. एक, चढाईत गडी टिपून आणणारा. दुसरा, कोपऱ्यात दबा धरून चढाई करणाऱ्याचा घोटा पकडणारा. या दोघांच्या मध्ये शेजाऱ्याचा हात धरून जो उभा असतो, परतीच्या वाटेवर चढाईवाल्याला आडवा येतो आणि आपल्या संघाचे मोहरे बाद झाले की स्वतः दम घेऊन पलीकडे जातो, त्याला धड नावही नाही. वृत्तपत्रे त्याला कधी मध्यरक्षक म्हणतात, कधी अष्टपैलू. आम्ही येथे त्याला मधला गडी म्हणू. या गड्याचे मोल खेळाच्या नियमांनी कसे घडवले, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

आमचा वाशीम जिल्हा या खेळाच्या इतिहासात मोठ्या अक्षरांत येत नाही. इंग्रजी अमदानीत तो स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ मध्ये अकोल्यात विलीन झाला आणि १ जुलै १९९८ रोजी पुन्हा वेगळा झाला. वऱ्हाडातील व्यायामाची पेठ म्हणजे अमरावती. तेथे वैद्य बंधूंनी १९१४ साली स्थापन केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके केली, त्यांत कबड्डीही होती. बर्लिनपर्यंत पोचलेला हा खेळ रिसोड, मानोरा, मंगरूळपीर या भागांतील गावांतून मात्र हुतूतू म्हणूनच खेळला जाई. सोयाबीन निघाल्यावर मोकळ्या झालेल्या जागेत मैदान आखले की गावचा संघ तयार होतो, आणि त्यात जेमतेम सात माणसे जमतात. बाकावर बसवायला आठवा नसतो. अशा संघात केवळ चढाई करणारा किंवा केवळ पकड करणारा बाळगणे ही चैन आहे. आमच्या मते मधल्या गड्याचे खरे शिक्षण अशाच मैदानांवर होते, कारण तिथे त्याला दुसरा पर्यायच नसतो.

परंतु केवळ माणसांच्या तुटवड्याने त्याचे महत्त्व सिद्ध होत नाही. जुन्या काळी हा खेळ तीन तऱ्हांनी खेळला जाई. ‘अमर’ प्रकारात बाद झालेला गडी मैदान सोडत नसे, फक्त गुण मोजला जाई. ‘गामिनी’त बाद झालेला गडी संपूर्ण संघ बाद होईपर्यंत बाहेर बसे. ‘संजीवनी’त प्रतिपक्षाचा गडी बाद केला की आपला एक गडी जिवंत होई. अमर प्रकारात सातही जण सदैव हजर असल्याने ज्याने त्याने आपापले काम करावे, एवढे पुरेसे होते. संजीवनीत तसे चालत नाही. १९५० मध्ये अखिल भारतीय कबड्डी महासंघ स्थापन झाला, १९५२ मध्ये पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा मद्रासला झाली, आणि पुढे प्रमाण ठरला तो संजीवनीचाच नियम. त्यात गडी ज्या क्रमाने बाद झाले त्याच क्रमाने परततात. म्हणजे भरवशाचा चढाईवाला शेवटी बाद झाला असेल, तर त्याच्या आधी गेलेले सगळे आत येईपर्यंत तो बाहेरच. चढाई मात्र आळीपाळीने करावीच लागते, चुकवता येत नाही. मग जायचे कोणी? साखळीतल्याच एकाने. तो नुसता दम काढून परत आला तरी संघाचा श्वास टिकतो. पण गुणपत्रकात त्या चढाईपुढे शून्यच लागते.

हाच प्रश्न अधिक उघडपणे पाहायचा तर एका परक्या खेळाकडे वळावे लागेल. अमेरिकन फुटबॉल आपल्याकडे फारसा कोणी पाहत नाही, पण त्यातील ‘टाइट एंड’ नावाचा खेळाडू आमच्या मधल्या गड्याचा सख्खा भाऊ शोभावा. चेंडू ज्यांच्याकडे असतो त्या संघाचे निदान सात जण आघाडीच्या रांगेत उभे राहतात. त्यांतील मधल्या धिप्पाड मंडळींनी समोरच्यांना अंगाने रोखायचे. फेकलेला चेंडू झेलण्याचा हक्क त्यांना नसतो. रांगेच्या टोकाच्या खेळाडूला तो असतो. टाइट एंड या टोकाला, पण रांगेला चिकटून उभा राहतो. तो धक्का देणार की धावत जाऊन झेल घेणार, हे प्रतिपक्षाला चेंडू हलेपर्यंत कळत नाही. त्याचे निम्मे मोल या न कळण्यात आहे.

तेथेही नियमांचा हात दिसतो. १९५० मध्ये तेथील व्यावसायिक लीगने खेळाडू हवे तितके बदलण्याची मुभा कायम केली आणि आक्रमणाचे वेगळे, बचावाचे वेगळे असे दोन ताफे झाले. १९६० च्या विजेत्या फिलाडेल्फिया संघात चक बेडनारिक दोन्ही बाजूंनी खेळला. तो त्या जातीचा जवळजवळ शेवटचा मानला जातो. दुहेरी कामाचा माणूस संपला असे वाटत असतानाच १९६१ मध्ये माइक डिट्का शिकागोकडून उतरला आणि पहिल्याच वर्षी त्याने ५६ झेल, १,०७६ यार्ड आणि १२ टचडाउन नोंदवले. धक्केबुक्क्यांसाठी ठेवलेल्या जागेवरून कोणी एवढे झेल घेईल, अशी तोवर कोणाची अपेक्षा नव्हती. तरीही या जागेवरचा पहिला खेळाडू म्हणून त्याला कीर्तिमंदिरात प्रवेश मिळायला १९८८ उजाडले. २ जानेवारी १९८२ रोजी मायामीत सॅन डिएगोच्या केलन विन्स्लोने १३ झेल घेतलेच, शिवाय शेवटच्या क्षणी प्रतिपक्षाची लाथ हाताने अडवून सामना जादा वेळेत नेला. त्याला मैदानाबाहेर नेताना दोन सोबत्यांचा आधार द्यावा लागला.

मोलाचा प्रश्न पैशावर आला तो २०१४ मध्ये. न्यू ऑर्लिन्सच्या जिमी ग्रॅहमचे म्हणणे असे, की आपण बहुतेक वेळ रांगेपासून दूर उभे राहून झेलच घेतो, तेव्हा आपल्याला झेलणाऱ्यांच्या दराने, म्हणजे सुमारे १ कोटी २३ लाख डॉलर मिळावेत. टाइट एंडचा दर ७० लाखांच्या थोडा वर होता. लवाद स्टीफन बरबँक यांनी अंतर मोजले: रांगेतील शेवटच्या धिप्पाड गड्यापासून चार यार्डांच्या आत उभा राहणारा तो टाइट एंडच. एका नावापायी ५० लाख डॉलर गेले! ग्रॅहमने पुढे चार वर्षांचा ४ कोटींचा करार मिळवला ही गोष्ट वेगळी. दोन कामे करणाऱ्याला एकाच कामाचा, तोही स्वस्त कामाचा, दाम द्यायचा ही रीत आम्हांला अपरिचित नाही.

आपल्याकडे मात्र बाजाराने उलटा कौल दिला, हे विशेष. प्रो कबड्डीच्या २०१४ मधील पहिल्या लिलावात सर्वांत महाग ठरला तो राकेश कुमार, १२ लाख ८० हजारांना. आणि तो अष्टपैलू होता. या लीगचे नियमही मधल्या गड्याच्या पथ्यावर पडणारे आहेत. दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसरीत गुण मिळवावाच लागतो, नाहीतर चढाईवाला बाद. तीन किंवा कमी गडी उरले असताना पकड झाली तर एक गुण जास्त. तिघेच उरल्यावर कोपरा कोणता आणि मध्य कोणता? २०२३ च्या लिलावात इराणच्या मोहम्मदरेझा शादलुईला पुण्याने २ कोटी ३५ लाख मोजले. डाव्या कोपऱ्यात पकड करणारा हा गडी वेळ पडली की चढाईला जातो. १ मार्च २०२४ रोजी पुणे विजेते ठरले. पुढच्या हंगामात तो २ कोटी ७ लाखांना हरयाणाकडे गेला, आणि २९ डिसेंबर २०२४ रोजी विजेतेपद हरयाणाला मिळाले.

यांतले किती श्रेय त्याचे, हे गुणपत्रकावरून सांगता येणार नाही. त्याने घोटा धरला तेव्हा चढाईवाल्याला मधल्या रेषेपासून छातीने मागे रेटणाऱ्या शेजाऱ्याचे नाव लिलावाच्या यादीत ‘बचावपटू’ या सदराखाली, बरेच खाली असते.