अल्लालिन हे नाव आणि आपले पूर्वज

मुलगा म्यूनिकला नोकरीला आहे. डिसेंबरच्या सुटीत आम्ही दोघे त्याच्याकडे जाणार, म्हणून त्याने तीन दिवस बर्फावर काढायचा बेत आखला. नातू आठ वर्षांचा, त्याला स्की शिकायचे आहे. जागा ठरली स्वित्झर्लंडच्या व्हाले प्रांतातली सास-फे. गावात मोटारींना बंदी, गाडी वेशीवरच्या वाहनतळावर सोडायची. स्कीचे बूट आणि फळ्या तिथेच भाड्याने घ्यायच्या. जेवणाचेही सुनेने आधीच पाहून ठेवले. फोंड्यूत पांढरी वाइन घालतात म्हणून ते नको. वितळलेले चीज आणि उकडलेले बटाटे, म्हणजे राक्लेट, चालेल.

बेत कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडला आणि तासाभरात एका भाच्याचा संदेश आला. सास-फेच्या डोक्यावर अल्लालिनहॉर्न हे ४०२७ मीटरचे शिखर आहे. त्याचे नाव म्हणे अरबी ‘अल-ऐन’, म्हणजे झरा, यावरून आले. शेजारचे गाव आल्मागेल, तेही अरबीच. खाली ओळ : ‘मामू, आपल्या पूर्वजांनी आल्प्स जिंकला होता!’

हा दावा नवा नाही. एकोणिसाव्या शतकापासून तो पुस्तकांतून फिरतो आहे. पण कितीतरी भाषातज्ज्ञ तो मानत नाहीत. नाव कानाला अरबी वाटते, एवढ्याने ते अरबी ठरत नाही. सास खोऱ्यात अरबांची वस्ती होती याचा ठोस पुरावा नाही.

मात्र आल्प्सच्या खिंडींत मुसलमान होते, हे खरे आहे. क्रेमोनाचा बिशप लिउटप्रांड लिहितो, की स्पेनहून निघालेले वीसेक खलाशी वादळाने प्रोव्हान्सच्या किनाऱ्याला लागले. हे नवव्या शतकाच्या अखेरीचे. आजच्या सँ-ट्रोपेजवळ त्यांनी ठाणे वसवले, त्याचे नाव फ्राक्सिनेतुम. तिथून त्यांच्या टोळ्या खिंडींपर्यंत पोहोचल्या. वाटसरू लुटले, मठ जाळले. ९४२च्या सुमारास इटलीचा राजा ह्यू याने आधी त्यांच्यावर हल्ला केला. मग प्रतिस्पर्धी बेरेंगारला अडवण्यासाठी त्यांच्याशीच करार करून त्यांना खिंडींवर बसवले. राजाला शत्रूचा धर्म आठवतो तो सोयीप्रमाणे, हे आपल्याकडच्या इतिहासातही दिसते.

९७२मध्ये क्लूनी मठाचा प्रमुख मायोलस रोमहून परतताना ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीजवळ पकडला गेला. ही जागाही व्हालेतलीच. खंडणी ठरली हजार पौंड चांदी. राउल ग्लाबर नावाच्या भिक्षूने पुढच्या शतकात ही हकिगत लिहिली. मायोलसला लुटारूंचे अन्न चालेना, तेव्हा त्यांच्यातल्या एकाने हात धुतले, ढाल धुतली आणि तिच्यावर त्याच्यासाठी स्वच्छ भाकर केली. दुसऱ्या एकाने त्याच्या बायबलवर पाय ठेवला, तर साथीदारच त्याच्यावर संतापले : पैगंबरांच्या वचनांचा असा अपमान करायचा नसतो. माणसे लुटारू होती आणि त्यांच्यात अदबही होती. दोन्ही एकाच पानावर लिहिलेले आहे, आणि तेही त्यांच्या विरोधकाने. या अपहरणाने प्रोव्हान्सचे सरदार एक झाले आणि लवकरच ते ठाणे मोडले.

आता भाच्याला काय सांगायचे? ही माणसे आपली असतील, तर जाळलेले मठही आपल्या खात्यावर येतात. विजय घ्यायचा आणि लूट नाकारायची, असे चालत नाही. आणि इथे कुणी आपल्याकडे बोट दाखवून ‘तुमच्या पूर्वजांनी’ म्हणून हजार वर्षांपूर्वीचा हिशेब मागतो, तेव्हा आपण म्हणतो, त्यांचा आमचा काय संबंध? तेच उत्तर आल्प्सलाही लागू आहे. आपल्याला संबंध नको असेल तर अभिमानाच्या वेळीही नको.

आम्ही कोकणी मुसलमान. त्या काळातले आपले लोक शोधायचेच, तर चौलला शोधू. अल-मसूदी ९१६च्या सुमारास तिथे आला होता. त्या वेळी तिथे सुमारे दहा हजार मुसलमान होते, असे तो लिहितो. त्यांत इथेच जन्मलेलेही होते. त्यांना ‘बयासिरा’ म्हणत. राजा हिंदू होता, आणि मुसलमानांचे तंटे सोडवायला त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमलेला असे.

त्याहून बोलका आहे पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीला सापडलेला ९२६चा ताम्रपट. राष्ट्रकूटांच्या वतीने संजाणचा कारभार पाहणारा अधिकारी ताजिक, म्हणजे अरब होता. संस्कृतात त्याचे नाव ‘मधुमती’ असे लिहिले आहे. ते मुहम्मदचेच रूप. त्याने नदीवर फुकट होड्या चालवल्या, अन्नछत्र घातले. त्याच्या कारभारात देवीच्या नैवेद्यासाठी आणि मठाच्या डागडुजीसाठी जमीन दिली गेली. तिकडे खिंडीत मठ लुटले जात होते, त्याच शतकात इकडे हे घडत होते. इस्लाम दोन्हीकडे एकच. माणसे आणि त्यांचे व्यवहार वेगळे.

अर्थात मधुमतीचे पुण्यही आपल्या खात्यावर जमा होत नाही. पण त्याच्यासारखे वागायला कुणाची मनाई नाही.

सास-फेचे आरक्षण झाले आहे. अल्लालिनहॉर्नवर १८५६मध्ये पहिल्यांदा चढलेल्यांत खोऱ्यातला पाद्री इमसेंग होता. स्वित्झर्लंडमध्ये पहिल्यांदा स्कीवरून घसरत गेला तोही हाच, असे तिथे सांगतात. नातवाला त्याची गोष्ट सांगेन, ढालीवरच्या भाकरीची सांगेन, आणि मठ कोणी जाळले तेही सांगेन. मे महिन्यात तो गावी आला, की त्याला चिंचणीला घेऊन जायचे आहे.