पोशाख आणि पेच

ऐतिहासिक मालिका पाहणाऱ्या प्रेक्षकांत बहुधा दोन पक्ष आढळतात. एक पक्ष हातांत भिंग घेऊन बसलेला असतो. पगडीचा घाट चुकला, लुगड्याचा काठ त्या काळचा नाहीं, दिवाणखान्यांतील हंडी पन्नास वर्षें अगोदरच टांगली, अशा चुका तो वेंचीत असतो. दुसरा पक्ष म्हणतो, दिवसभर कष्टून आलेल्या माणसास घटकाभर जुन्या वाड्यांत, समईच्या उजेडांत विसावूं द्या. सनावळ्या शाळेंत पुष्कळ झाल्या. आमच्या मतें हे दोन्ही पक्ष इतिहासाच्या पोशाखाविषयींच भांडत आहेत. एकास तो बिनचूक हवा, दुसऱ्यास सुंदर हवा. एखाद्या काळांतील माणसांस कोणता पेच पडला, तो कां पडला आणि त्यांतून सुटण्याचे कोणते मार्ग त्यांस बंद होते, हें समजल्यावांचून मात्र इतिहास समजला असें म्हणतां येत नाहीं.

हें विधान एका उदाहरणानें तपासून पाहूं. झी मराठी वाहिनीवर २०१२ व २०१३ या सालीं ‘उंच माझा झोका’ ही रमाबाई रानडे यांच्या चरित्रावरील मालिका झाली. ती घरोघर आवडीनें पाहिली गेली. ज्या घरांत रमाबाईंचें नांव फार तर एखाद्या संस्थेच्या पाटीवर वाचलेलें होतें, तेथें तें रोजच्या बोलण्यांत निघूं लागलें, ही तिची सेवा लहान नव्हे. परंतु प्रेक्षकांच्या मनांत ठसली ती मुख्यतः चुणचुणीत, निरागस, लहानगी रमा आणि तिला मायेनें शिकविणारा विद्वान पति. हें चित्र खोटें नाहीं; पण तें अर्धें आहे, आणि उरलेलें अर्धें फार कडू आहे.

१८७३ सालीं माधवराव रानड्यांची पहिली पत्नी वारली. त्या वेळीं रानडे ३१ वर्षांचे होते आणि विधवाविवाहाचे उघड पुरस्कर्ते म्हणून त्यांचें नांव झालें होतें. हा मुलगा आतां एखाद्या विधवेशीं लग्न करील, या धास्तीनें वडिलांनीं तांतडीनें वधू शोधली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस देवराष्ट्रे गांवच्या कुर्लेकरांची ११ वर्षांची मुलगी रानड्यांच्या घरांत आली. रानड्यांनीं मुदत मागून पाहिली, विनवणी करून पाहिली, आणि अखेर पित्याच्या आज्ञेपुढें मान तुकविली. जो मनुष्य सभेंत विधवांचा कैवार घेत होता त्यानेंच स्वतःच्या वेळीं बालिकेचें पाणिग्रहण केलें, हा बोल त्यांस जन्मभर ऐकावा लागला.

ही हकीकत कोणा निंदकानें रचलेली नव्हे. ती स्वतः रमाबाईंनीं ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ या १९१० सालीं प्रसिद्ध झालेल्या पुस्तकांत सांगितली आहे. हें पुस्तक म्हणजे निर्विकार इतिहास आहे असेंही कोणी समजूं नये. पतीच्या निधनानंतर नऊ वर्षांनीं एका पतिपरायण स्त्रीनें तें प्रसिद्ध केलें आहे, आणि त्यांत भक्तीचा रंग आहे. तरीही ज्या गोष्टी झांकणें तिला सहज शक्य होतें, त्या तिनें झांकल्या नाहींत. आपल्या शिकण्यामुळें घरांतील बायकांचे टोमणे कसे सोसावे लागले, ख्रिस्ती बाईपाशीं इंग्रजी शिकल्यावर शिवाशिवीचा जाच कसा झाला, आणि अशा वेळीं पतीनें वडीलधाऱ्यांशीं भांडण न मांडतां उलट उत्तर न देण्याचा व सोसण्याचाच उपदेश कसा केला, हें सारें तींत आहे. एवढ्या प्रेमानें लिहिणारी पत्नी जितकें सांगते त्याहून कमी सांगण्याचा अधिकार मालिकेस कोठून आला?

येथें रोजच्या मालिकेच्या घडणीकडे पाहिलें पाहिजे. दररोज अर्धा तास चालावयाचें म्हणजे प्रेक्षकानें उद्यां पुनः यावें यासाठीं कोणी लाडका लागतो आणि कोणी दुष्ट लागतो. जुन्या घरांतील खाष्ट बायका त्या कामीं आयत्याच सांपडतात. पण रानड्यांच्या घरांतील ज्या स्त्रियांनीं रमाबाईंना छळलें त्यांत वैधव्य आलेली नणंदही होती. ज्या रूढीनें तिचें आयुष्य करपविलें तिचाच पहारा ती करीत होती. तिला खलनायिका केली कीं प्रेक्षकाचा राग एका बाईवर निघून जातो, आणि रूढि मात्र नामानिराळी राहते.

रमाबाईंना शिकविणारा पति मिळाला, हा योग होता. तो त्या काळाचा नियम नव्हता. त्याच सुमारास मुंबईंत रखमाबाईचें लग्न ११ व्या वर्षींच झालें होतें. मोठी झाल्यावर ती नांदावयास जाईना, तेव्हां नवऱ्यानें १८८४ सालीं तिच्यावर फिर्याद केली. १८८७ सालीं उच्च न्यायालयानें तिला पतिगृह किंवा सहा महिन्यांचा तुरुंग यांपैकीं एक निवडावयास सांगितलें, आणि तिनें तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. पुढें १८८८ सालीं नवऱ्यास दोन हजार रुपये देऊन तिची सुटका झाली, व ती विलायतेंत शिकून डॉक्टर झाली. संमतिवयाची मर्यादा १० वरून १२ वर आणणारा कायदा १८९१ सालीं झाला, आणि तेवढ्या दोन वर्षांसाठीं सारा महाराष्ट्र पेटला होता. केवळ परकरांतील गोड नवरी पाहिलेल्या प्रेक्षकास हें भांडण कां माजलें याचा उलगडा कसा व्हावा?

कोणी म्हणेल, मग कल्पनेस मज्जावच करावा कीं काय? तसें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. लग्नानंतरच्या त्या दिवसांत त्या मुलीच्या मनांत काय चाललें होतें तें सर्वच कागदावर उतरलेलें नाहीं. कागद मुका असेल तेथें लेखकानें खुशाल बोलावें. तेवढ्यासाठींच तर त्याची गरज आहे. मात्र कागद स्पष्ट बोलत असतां त्याच्या तोंडावर हात ठेवूं नये. शिवाय अशानें कथेचाही तोटाच होतो. तत्त्व आणि पितृभक्ति यांच्या ओढाताणींत हरलेला रानडे आणि त्या हरण्यांतूनच जिच्या वाट्यास विद्या आली ती, पुढें १९०९ सालीं पुण्यांत सेवासदन उभें करणारी रमाबाई, याहून थोर नाट्य कोणता कल्पक रचणार आहे?

असो. घटकाभर रमण्यासाठीं मालिका पाहणें यांत कांहीं पाप नाहीं. आम्हीही त्या पाहतों. पण भाग संपल्यावर घरांतील मुलीनें, “त्या वेळीं किती छान होतें!” असें म्हटलें, तर वडील मंडळींनीं रमाबाईंचें पुस्तक कपाटांतून काढून तिच्या हातीं द्यावें. तें वाचून ती जे प्रश्न विचारील त्यांचीं उत्तरें द्यावयास मात्र मोठ्यांनीं तयार असावें.