आड, पोहरा आणि आपला संसार



१२ एप्रिल २०१६ या दिवशीं लातूरच्या रेल्वे स्थानकांत एक विलक्षण आगगाडी येऊन थांबली. तिच्या दहा वाघिणींत धान्य नव्हतें, कोळसा नव्हता. होतें तें केवळ पाणी. सुमारें साडेतीनशें किलोमीटर दूर असलेल्या मिरजेहून कृष्णेचें सुमारें पांच लक्ष लिटर पाणी लातूरकरांची तहान भागविण्याकरितां आणण्यांत आलें होतें. मांजरा धरण कोरडें पडलें होतें. त्यापूर्वींच, मार्च महिन्यांत, शहरांतील पाणी भरण्याच्या जागांभोवतीं जमावबंदीचा हुकूम काढावा लागला होता. हंडाभर पाण्यासाठीं शेजाऱ्यानें शेजाऱ्यावर हात उगारावा अशी धास्ती सरकारास वाटावी, ही गोष्ट मोठी विचार करावयास लावणारी आहे.

निसर्गाशीं जुळवून घेऊन साधेपणानें कसें राहावें, याविषयीं उपदेश हल्लीं पुष्कळ ऐकूं येतो. मला आज तसा उपदेश करावयाचा नाहीं. लातूर जिल्ह्याच्या उत्तरेकडील अहमदपूर व त्याच्या आसपासचा मुलूख पूर्वीं हा साधेपणा कसा आचरीत होता, आणि त्यांत आपण घेण्यासारखें काय व टाकण्यासारखें काय, एवढेंच आपणांपुढें मांडावयाचें आहे.

अहमदपूर बालाघाटाच्या पठारावर वसलेलें आहे. १९४८ पर्यंत हा तालुका निजामाच्या राज्यांत होता. १९५६ सालीं राज्यपुनर्रचना झाली तेव्हां तो बीदर जिल्ह्यांतून निघून उस्मानाबाद जिल्ह्यांत आला, आणि १६ ऑगस्ट १९८२ रोजीं लातूर जिल्हा निराळा झाल्यावर त्याचा भाग बनला. राज्यें बदललीं, जिल्हे बदलले. परंतु पायांखालचा काळा पाषाण तोच राहिला. हा पाषाण वाळूसारखें पाणी शोषून घेत नाहीं. वरचा मुरूम आणि खडकांतील भेगा, एवढीच काय ती त्याची कोठी. चार महिन्यांत सातआठशें मिलिमीटर पाऊस पडतो. तो अडविला नाहीं तर ओढ्यानाल्यांनीं गोदावरीच्या वाटेस लागतो, आणि फाल्गुन संपतां संपतां आडाचा तळ दिसूं लागतो.

ही अडचण आपल्या पूर्वजांनीं ओळखली होती. राष्ट्रकूट राजे आपणांस ज्या लत्तलूर नगराचे स्वामी म्हणवीत, तें नगर म्हणजे आजचें लातूर, असें बहुतेक विद्वान मानतात. याच राजकुळाच्या काळांत अहमदपूरच्या शेजारीं कंधार येथें एक विस्तीर्ण तलाव बांधण्यांत आला. दहाव्या शतकांतील तिसऱ्या कृष्णाच्या काळच्या कंधार शिलालेखांत ‘जगत्तुंगसमुद्र’ या नांवानें त्याचा निर्देश आहे. तलावाला समुद्र म्हणणें यांत राजस्तुति असेल. पण ज्या मुलखांत समुद्र कोणीं पाहिला नव्हता, तेथें सांठविलेलें पाणी केवढें थोर वाटत होतें, हेंहि त्या एका शब्दावरून कळतें. पुढें मराठवाड्यांत ठिकठिकाणीं पायऱ्यांच्या बारवा खोदल्या गेल्या. तलावांत पाणी अडावें, जमिनींत मुरावें आणि विहिरींत उतरावें, ही त्या सर्व रचनेमागची साधी समजूत होती. ‘आडांत नाहीं तर पोहऱ्यांत कोठून येणार?’ ही आपली म्हण अशा अनुभवांतूनच आली आहे.

घरांतील राहणीहि याच समजुतीनें घडलेली होती. न्हाणीचें पाणी परसांतल्या केळीला किंवा अळवाला जाई. भांडीं राखेनें घांसलीं जात. पंगतीला पळसाच्या पत्रावळी असत व उष्ट्यासह त्या उकिरड्यांत कुजून शेतांत परत जात. जीर्ण लुगड्यांची वाकळ होई, आणि वाकळ विरली कीं तिचें पोतेरें. ‘कचरा’ म्हणून घराबाहेर टाकावें असें फारसें कांहीं उरतच नसे. सर आल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शास्त्रज्ञानें १९२४ ते १९३१ या काळांत होळकरांच्या इंदुरांत पालापाचोळा, शेण, राख व माती यांचे थर रचून खत करण्याची पद्धत शास्त्रशुद्ध करून जगापुढें मांडली. ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून देशोदेशीं प्रसिद्ध झाली. आपल्या उकिरड्यास थोडी शिस्त, थोडी हवा आणि वेळेवर खालवर करणें, एवढेंच त्यानें वाढविलें होतें.

येथवर ऐकून ‘जुनें तें सोनें’ असा निष्कर्ष कोणी काढील, तर मात्र थांबावयास हवें. ती काटकसर कोणाच्या जिवावर चाले? एक लिटर पाण्याचें वजन एक किलो; पंधरा लिटरांची घागर म्हणजे पंधरा किलोंचें ओझें. तें वाहिलें घरोघरच्या बायकांनीं, आणि उन्हाळ्यांत दूरच्या झऱ्यापासून वाहिलें. त्यांतहि गांवच्या आडावर सर्वांचा अधिकार नव्हता. अस्पृश्य मानलेल्या घरची स्त्री आडापासून दूर, कोणी वरून पाणी घालील या आशेनें, रिकामी घागर घेऊन तिष्ठत राही. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं कोंकणांतील महाड येथें चवदार तळ्याचें पाणी ओंजळींत घेतलें, तें याच अन्यायाविरुद्ध. तहान भागविणें हा त्यांतला लहान भाग. माणूस म्हणून बरोबरीनें तळ्यावर जाणें हा खरा प्रश्न होता.

घरांचीहि गोष्ट तशीच. जाड भिंती आणि वर मातीचें माळवद, यांमुळें आमचीं घरें उन्हाळ्यांत थंड राहत. परंतु ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी भागांत भूकंप झाला, तेव्हां चिखलांत रचलेले दगड आणि तेंच जड माळवद झोंपलेल्या माणसांवर कोसळलें आणि हजारों जीव गेले. गारवा पूर्वजांकडून अवश्य घ्यावा. बांधणी मात्र आजच्या शास्त्राची हवी.

नळ आला, विजेचा पंप आला, १९७२ च्या दुष्काळानंतर विंधन विहिरी वाढल्या. बायकांच्या डोक्यावरची घागर उतरली हें निःसंशय चांगलें झालें. पण घागरीबरोबर एक जाणीवहि उतरली. ज्याच्या डोक्यावर घागर नसते, त्याला पाण्याचें वजन कळत नाहीं. खडकांतील सांठा किती, याचा हिशेब न करतां अधिकाधिक खोल भोंकें पाडण्यांत आलीं. ज्वारीच्या शिवारांत वर्षभर पाणी मागणारा ऊंस उभा राहिला. वजन गेलें, तेव्हां त्याच्या जागीं मोजमाप यावयास हवें होतें. तें आलें नाहीं, आणि २०१६ सालीं आगगाडी आली.

म्हणून आतां थोडें मोजून पाहूं. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर एक लिटर पाणी होतें. पन्नास चौरस मीटरांच्या लहानशा गच्चीवर सातशें मिलिमीटर पावसाचें पस्तीस हजार लिटर पाणी पडतें. पांचवा हिस्सा वायां गेला असें धरलें तरी अठ्ठावीस हजार लिटर उरतें. म्हणजे त्या पहिल्या गाडीनें आणलेलें पाणी केवळ अठरा गच्च्यांवर एका पावसाळ्यांत पडतें! पहिल्या सरींचें पाणी सोडून द्यावें, पुढचें वाळू व खडी यांतून गाळून टाकींत किंवा शोषखड्ड्यांत न्यावें. यास लागतो तो एक नळ आणि थोडें गवंडीकाम.

बाकीच्या गोष्टी याहून सोप्या आहेत. शॉवरऐवजीं बादली घ्यावी. भाजी धुतलेलें पाणी कुंड्यांना घालावें. ओला कचरा निराळा ठेवून त्याचें खत करावें. जेवणांत आठवड्यांतून कांहीं दिवस ज्वारीची भाकरी असावी. तिच्यामुळें कमी पाण्याचें पीक शिवारांत टिकून राहील. बाजारास जातांना कापडी पिशवी न्यावी. मार्च २०१८ मध्यें महाराष्ट्रांत प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. पण कायद्यापेक्षां खुंटीवरची पिशवी अधिक उपयोगी पडते, कारण बाहेर पडतांना ती डोळ्यांसमोर असते.

मात्र एक सूचना शेवटीं करावीशी वाटते. हीं सारीं कामें पुन्हां घरांतील बाईच्याच माथीं मारलीं गेलीं, तर आपण घागर खालीं उतरवून टोपली चढविली एवढेंच होईल. खताची टोपली गृहस्थानें हालवावी, पाण्याचा हिशेब मुलांनीं भिंतीवर लिहावा, गच्चीच्या नळाची चौकशी साऱ्या इमारतीनें मिळून करावी. पूर्वींचा साधेपणा नाइलाजाचा होता आणि त्याचें ओझें सर्वांवर सारखें नव्हतें. आपण तो समजून उमजून पत्करावयाचा आहे, आणि वांटून घ्यावयाचा आहे.

पोहरा आपल्या हातांत आहे. आडांत पाणी राहील कीं नाहीं, हें आपण पावसाळ्यांत काय करतों यावर ठरेल.