'ह्या वयात कशाला ऑपरेशन?' : खुब्याच्या फ्रॅक्चरचा इतिहास

माझा पीएच.डी.चा विषय आहे शरीरात बसवल्या जाणाऱ्या धातूंची झीज. लिटरेचर रिव्ह्यू करताना एकच हाड पुन्हापुन्हा समोर येत राहिलं, ते म्हणजे खुब्याचं. आज त्याचा इतिहास सांगते. तुमच्यापैकी जे संशोधनाची तयारी करताहेत त्यांना यातून एक कामाची गोष्ट मिळेल. आणि खरं सांगायचं तर मला हा इतिहास आठ वर्षं उशिरा कळला.

मी बी.एस्सी.ला असताना गारगोटीत आमची आजी न्हाणीत घसरली. वय अठ्ठ्याऐंशी. खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं. घरात दोन दिवस चर्चा चालली आणि शेवटी सगळ्यांचं एकच मत पडलं, "आता ह्या वयात कशाला कापाकापी?" मग आजी बाजेवर, पायाला पट्टी, पट्टीला दोरी आणि दोरीला विटांचं वजन. काकांनी मला विचारलं, "तू सायन्सला आहेस, तू सांग." मी म्हणाले, वजन लावून हाड जुळेल की. सहाव्या आठवड्यात आजी गेली. कागदावर कारण होतं न्यूमोनिया. मोडलं होतं खुब्याचं हाड, पण ती गेली छातीनं.

हाड जुळतं का?

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात मोडलेल्या हाडांवर वेगळा अध्याय आहे. मांडी आणि पायाच्या मोडीसाठी 'कपाटशयन' सांगितलंय, म्हणजे रुग्णाला फळीवर निजवून खुंट्यांच्या आधारानं पाय स्थिर ठेवायचा. तरुण वयात हाड महिन्यात सांधतं, मध्यम वयात दुप्पट वेळ लागतो, उतारवयात तिप्पट, असा हिशेबही तिथे दिलाय. निरीक्षण बारीक आहे. पण म्हाताऱ्या माणसानं तीन महिने फळीवर काढायचे, हे ओघानंच आलं.

लंडनच्या ॲस्टली कूपरनं १८२२ साली सांधे निखळणं आणि सांध्याजवळची हाडं मोडणं यावर मोठा ग्रंथ काढला. त्यात त्यानं खुब्याच्या फ्रॅक्चरचे दोन प्रकार स्पष्ट वेगळे केले. मांडीच्या हाडाला वर चेंडूसारखं डोकं असतं आणि त्याखाली तिरकी मान. ही मान बरीचशी सांध्याच्या आवरणाच्या आत असते. डोक्याला रक्त मुख्यतः मानेला चिकटून वर जाणाऱ्या बारीक वाहिन्यांतून मिळतं. मान मोडून हाड सरकलं की त्या वाहिन्या तुटतात, डोकं उपाशी पडतं आणि हाड बहुधा जुळत नाही. त्याच्या खाली, आवरणाच्या बाहेर मोडलं तर रक्तपुरवठा भरपूर असतो. तिथलं हाड जुळतं, पण पाय आखूड पडतो.

कूपरचा सल्ला वाचून मी थबकले. मान आवरणाच्या आत मोडली असेल, तर म्हाताऱ्या माणसाला हाड जुळायची वाट बघत महिनोन् महिने झोपवून ठेवू नका, असं तो सांगतो. दुखणं ओसरेपर्यंत दहा-पंधरा दिवस पायाखाली उशी द्या, मग खुर्चीत बसवा, कुबड्यांवर उभं करा. हाड जुळलं नाही तरी चालेल, माणूस वाचला पाहिजे. १८२२ साली, ना भूल ना एक्स-रे अशा काळात, त्यानं ओळखलं होतं की धोका अंथरुणातच आहे.

वैद्यकानं मात्र पुढची शंभर वर्षं हाडाचाच पाठलाग केला. अमेरिकेत रॉयल व्हिटमननं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाय बाजूला फाकवून छातीच्या खालपासून पायापर्यंत प्लास्टर घालायची पद्धत रूढ केली. हाड जुळण्याच्या दृष्टीनं ती आधीच्यापेक्षा बरी होती. पण ऐंशीच्या म्हातारीला त्या प्लास्टरमध्ये ठेवा. पाठीला जखमा होतात, छातीत कफ साचतो, पायातल्या शिरांत रक्ताच्या गाठी होतात, लघवीत जंतुसंसर्ग होतो. पेशींच्या पॅथॉलॉजीचा पाया घालणारा रुडॉल्फ फिर्खो जानेवारी १९०२ मध्ये बर्लिनला चालत्या ट्रामवरून उतरताना पडला. मांडीचं हाड मोडलं, वय ऐंशी. सप्टेंबरमध्ये तो वारला. त्या काळी एवढ्या मोठ्या माणसासाठीही यापेक्षा फारसं काही करण्यासारखं नव्हतं.

खिळा आणि धातू

बोस्टनच्या स्मिथ-पीटरसननं १९३१ मध्ये तीन पात्यांचा खिळा वापरून मोडलेली मान आतून धरून ठेवण्याचं तंत्र प्रसिद्ध केलं. तीन पाती असल्यामुळे हाडाचं डोकं खिळ्याभोवती फिरत नसे. पुढच्याच वर्षी स्वीडनच्या स्वेन योहानसननं पोकळ खिळा आणला. आधी बारीक तार घालायची, एक्स-रेवर जागा तपासायची आणि तारेवरून खिळा सरकवायचा. त्यामुळे सांधा उघडायची गरज कमी झाली.

इथे माझा विषय येतो. शरीरातलं पाणी म्हणजे खारं पाणी. त्यात दोन वेगळे धातू ठेवले की बॅटरी तयार होते, धातू गंजतो आणि भोवतालचं हाड खराब होतं. टेक्सासच्या व्हेनेबल आणि स्टक यांनी १९३०च्या दशकात प्राण्यांवर प्रयोग करून हे दाखवलं आणि कोबाल्ट-क्रोमियमचा मिश्रधातू, व्हायटॅलियम, सुचवला. १९४० मध्ये ऑस्टिन मूर आणि बोहलमन यांनी हाडाच्या गाठीच्या एका रुग्णाला व्हायटॅलियमचा वरचा भागच बसवला. १९५०च्या दशकात मूरचा आणि थॉम्पसनचा असे दोन कृत्रिम गोळे प्रचारात आले. डोकं उपाशी मरणारच असेल तर ते काढून धातूचं बसवायचं, म्हणजे हाड जुळायची वाटच बघायला नको. स्वस्त असल्यामुळे मूरचा गोळा आपल्याकडे पुढेही बराच काळ वापरात राहिला.

माणूस उठतो का?

यापुढचा मोठा बदल धातूनं घडवला नाही. इंग्लंडमधल्या हेस्टिंग्ज या समुद्रकाठच्या गावात मायकेल डेव्हस या सर्जननं वृद्धांच्या डॉक्टरांना सोबत घेऊन एकत्र वॉर्ड चालवला. शस्त्रक्रिया करायची ती लगेच उभं राहता यावं म्हणून, असा त्याचा आग्रह होता. हाडाचा सर्जन आणि वृद्धांचा डॉक्टर एकाच रुग्णाकडे मिळून बघतात, ही पद्धत पुढे ब्रिटनभर गेली. २००७ मध्ये तिथे खुब्याच्या फ्रॅक्चरची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली. सहभागी रुग्णालयांत तीस दिवसांतलं मृत्यूचं प्रमाण २००७ मध्ये १०.९ टक्के होतं, ते २०११ पर्यंत ८.५ टक्क्यांवर आलं. या काळात कुठलाही जादूचा इम्प्लांट आलेला नव्हता. राणी एलिझाबेथच्या आईचं खुब्याचं हाड १९९८ मध्ये मोडलं, वयाच्या ९७व्या वर्षी. ऑपरेशन झालं, आणि त्यानंतर ती चार वर्षं जगली.

मग ऑपरेशन जितकं लवकर तितकं बरं का? 'हिप अटॅक' या चाचणीत १७ देशांतले २,९७० रुग्ण होते. भारतातली रुग्णालयंही त्यात होती. निकाल २०२० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. निदानानंतर सुमारे ६ तासांत ऑपरेशन झालेल्या गटात ९ टक्के रुग्ण दगावले, सुमारे २४ तासांनी झालेल्या गटात १० टक्के. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीनं ठोस नाही. पण पहिल्या गटातले रुग्ण लवकर उभे राहिले आणि त्यांच्यात भ्रम होण्याचं प्रमाण कमी होतं. फक्त मृत्यू मोजला असता तर 'काही उपयोग नाही' म्हणून ही चाचणी संपली असती.

याच्या उलट बाजूचा अभ्यास नेदरलँड्समधला, 'फ्रेल-हिप', २०२२. यात शुश्रूषागृहात राहणारे अतिशय थकलेले १७२ रुग्ण होते. डॉक्टर, रुग्ण आणि घरचे यांनी एकत्र बसून निर्णय घ्यायचा होता. ८८ जणांनी ऑपरेशन नको म्हटलं, ८४ जणांनी करा म्हटलं. तीस दिवसांत पहिल्या गटातले ८३ टक्के गेले, दुसऱ्यातले २५ टक्के. पण उरलेल्या दिवसांची गुणवत्ता मोजली तेव्हा पहिला गट मागे नव्हता, कारण त्यांच्या वेदना नीट शमवल्या होत्या. आता एक सावधगिरी. हे गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, लोकांनी स्वतः निवडले होते. त्यामुळे ८३ आणि २५ हे आकडे शेजारी ठेवून 'ऑपरेशननं इतके वाचले' असं म्हणता येत नाही. व्हायव्हामध्ये हा प्रश्न येतोच.

हा पेपर वाचला त्या रात्री झोप लागली नाही. इतकी वर्षं मला वाटायचं की आम्ही 'नको' म्हणून चुकलो. पण 'नको' हेही विचारपूर्वक दिलेलं उत्तर असू शकतं. चूक वेगळीच होती. आम्ही ऑपरेशन नाकारलं आणि त्याच्या जागी विटा लावल्या, म्हणजे १९३१च्या आधीचा उपचार निवडला. तिला उठवून बसवलं नाही, वेदना नीट शमवल्या नाहीत आणि तिला काय हवंय ते कुणी विचारलंही नाही. आमच्यासमोर एकच प्रश्न होता, हाड जुळेल का. तेच मोजत आम्ही सहा आठवडे बसलो.

तुम्ही सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा पद्धत आणि उपकरणं ठरवण्याआधी एक ओळ लिहा, 'मी काय मोजणार आहे आणि कुणासाठी?' आणि गावाकडे कुणी म्हातारं माणूस पडलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा. ऑपरेशन केलं तर हे कधी उभे राहतील? नाही केलं तर दुखणं कसं थांबवणार? यातलं दुसरं उत्तर मिळाल्याशिवाय पायाला वजन लावू देऊ नका.