माहेरी परतलेली बोट

थोरली लेक अमेरिकेत, मिनेसोटात असते. तिच्याकडं गेलो तेव्हा जावयांनी एक दिवस गाडी काढली आणि शेजारच्या राज्यातल्या सुपीरियर गावी एक जुनी बोट दाखवायला नेलं. आम्ही कोरडवाहू माणसं, बोटीचं आम्हाला काय? पण ती बघितली अन् पाय निघेना.

नाव 'मिटिऑर'. लांबी 380 फूट. एकराच्या चौरस रानाचा बांध दोनशे फुटांच्या आसपास भरतो. म्हणजे जवळजवळ दोन बांध लांब. पाठ देवमाशासारखी गोल, लाट आली की वरून निसटून जावी म्हणून. ही अक्कल अलेक्झांडर मॅकडूगल नावाच्या कप्तानाची. नाकाड डुकरासारखं, म्हणून लोक 'डुक्कर-बोट' म्हणून हसायचे. तरी अशा चाळीसच्या वर बोटी झाल्या.

ही 1896 साली ह्याच गावात पाण्यात उतरली. काम म्हणजे सुपीरियर सरोवराच्या काठावरचं कच्चं लोखंड खालच्या सरोवरांवरच्या पोलाद कारखान्यांकडं न्यायचं. पुढं माल उपसणारी मोठी यंत्रं आली. त्यांच्या पंजांना ह्या बोटींची तोंडं अरुंद पडू लागली, नव्या बोटी आकारानं मोठ्या झाल्या, अन् हिच्या बहिणी एकेक करून मोडीत गेल्या.

ही मात्र टिकली, कारण पडेल ते काम केलं. बैलाला औत, मोट, गाडी, मळणी सगळीकडं जुंपावं तसंच. वाळू उपसली, धान्य वाहिलं, मोटारगाड्या वाहिल्या. 1942 साली खडकाळ उथळ्यावर चढून बसली. दुसरी कुणी असती तर तिथंच संपली असती, पण महायुद्धाचे दिवस, बोटींची टंचाई. दुरुस्त करून तिला तेलवाहू केली, 'मिटिऑर' हे नाव तेव्हाचं. पुढं पंचवीसेक वर्षं तिनं तेल वाहिलं. 1969 साली पुन्हा जमिनीला लागली, तेव्हा मालकांनी हात टेकले.

आता भंगारच व्हायचं. पण 1972 साली सुपीरियरकरांनी तिला माहेरी आणलं. आता ती काठावर मातीत रुतून उभी आहे, संग्रहालय म्हणून. आयुष्य गोड्या पाण्यात गेलं म्हणून लोखंड टिकलं. खाऱ्या पाण्यानं कधीच खाल्लं असतं. तरी गंज चढतोच. गावची माणसं सुट्टी काढून येतात, गंज खरवडतात, रंग लावतात. पगार नाही.

तिथं उभा असताना मला वडलांचा लोखंडी नांगर आठवला. ट्रॅक्टर आल्यावर मी तो भंगारवाल्याला किलोवर घातला. वडील ओट्यावर बसले होते. काही बोलले नाहीत, नुसते उठून आत गेले.

बोटही भंगारच होती. फरक एवढाच, की जिथं ती घडली त्या गावाला तिची आठवण राहिली.

घरी आल्यावर गोठ्याच्या आढ्याला टांगलेली पाभर खाली काढली. पुसली, जवसाचं तेल लावलं, सोप्यात ठेवली. नातू म्हणाला, "आबा, आता हिचं काय काम?"

म्हटलं, "केलंय तिनं. आता बसू दे."